नाना रिव्हर्स घेत नाहीत

लायसन रिन्यू करायला निघालेला माणूस किस्सा केल्याशिवाय घरी परतत नाही, असा माझा अनुभव आहे! रोह्यात माझं छोटं ड्रायव्हिंग स्कूल आहे. काम गाडी शिकवायचं, पण अर्धा आठवडा जातो तो लोकांना लायसनसाठी पेणला नेण्यात. पुढे एक, मागे तीन आणि वाटभर बडबड. संध्याकाळी घरी आले की नवरा विचारतो, "आज काय?" कामं किती झाली हे त्याला नको असतं, किस्सा हवा असतो. यंदा तर पोतं भरलंय. त्यातले बहुतेक किस्से नानांचे, म्हणून त्यांच्यापासूनच सुरू करते.

नाना म्हणजे आमच्याकडचे साठी उलटलेले टेम्पोवाले. पेणच्या एका कारखान्यातून गणपती भरायचे आणि रोहा-कोलाडच्या घराघरात पोचवायचे, हे त्यांचं काम. आजवर एकाही मूर्तीचा साधा कानसुद्धा दुखावलेला नाही.

तर असे नाना लायसन ठेवायचे टेम्पोतल्या देवाच्या फोटोमागे. दसऱ्याला गाडीची पूजा झाली की स्टिअरिंगला, पान्याला, जॅकला आणि लायसनलाही हळदकुंकू! दरवर्षी बोट टेकायचं ते नेमकं मुदतीच्या तारखेवर. कुंकवाचा थर एवढा चढला की खाली तारीख आहे हेच नाना विसरले.

वडखळला एका पोलिसाने गाडी थांबवून लायसन मागितलं. नखाने कुंकू खरवडलं, तारीख वाचली आणि लायसनला हात जोडले.

"काका, हे देवाघरी जाऊन वर्ष उलटलं की!"

मुदत संपून वर्ष झालं की नुसतं रिन्यू होत नाही, टेस्ट पुन्हा द्यावी लागते. कारखान्याच्या मालकाने सांगून टाकलं, "नाना, लायसन नाही तर यंदा मूर्ती नाही. माझीही जबाबदारी आहे." मुलगा कंपनीत शिफ्टला जातो, तो म्हणाला, "बाबा, आता पुरे. यंदा दुसरी गाडी आणेल गणपती."

हे मला सांगताना नाना खुर्चीत वाकून बसले होते. पण पुढच्याच क्षणी ताठ बसले. "ताई, शंभर टेस्ट घेऊ देत. यंदा पन बाप्पा मीच आननार!"

मला हट्टी माणसं आवडतात. मी लगेच फॉर्म भरायला घेतला.

*

पहिला टप्पा डॉक्टरांच्या सर्टिफिकेटचा. डॉक्टरांनी नानांना स्टुलावर बसवलं, एक डोळा झाकायला लावला आणि समोरच्या पाटीकडे बोट केलं.

"काय दिसतंय?"

"पाटी."

"ते झालं. पाटीवर काय दिसतंय?"

"धूळ."

डॉक्टर उठले. रुमालाने पाटी स्वच्छ पुसली आणि परत येऊन बसले.

"आता?"

"आता अक्षरं दिसतात," नाना म्हणाले, "मगाशी तुमाला दिसत व्हती का?"

सर्टिफिकेट मिळालं, पण माझ्याकडे आणखी कोणाला पाठवू नका असंही डॉक्टर म्हणाले. मी अजूनही पाठवते.

*

त्याच सुमारास सलीमभाई आले. कितीतरी वर्षं आखातात ड्रायव्हर होते, आता कायमचे परतलेले. त्यांचंही लायसन तिकडे असताना संपलेलं, म्हणजे त्यांनाही टेस्ट. मला म्हणाले, "मॅडम, मला शिकवू नका. वाळवंटात चालवलीय मी. फक्त तारीख घ्या."

मी म्हटलं, एकदा चालवून तर दाखवा. मी आणि नाना मागे बसलो. सलीमभाई ऐटीत दार उघडून पुढे बसले, बेल्ट लावला, आरसा हाताने नीट केला, 'बिस्मिल्ला' म्हणून हात पुढे केले आणि तसेच राहिले.

"मॅडम, स्टिअरिंग कुठंय?"

तिकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो ना! भाईंनी सवयीने डावं दार उघडलं होतं.

मागून नाना म्हणाले, "सलीमभाय, तिकडं जाऊन शेठ झालास तू. आता तुला ड्रायव्हर लागनार!"

सलीमभाई मात्र पहिल्याच झटक्यात पास झाले. पेढे वाटले, नानांना दोन दिले. नानांनी एक परत केला. "माझं झाल्यावर घेन."

*

तारामावशी खाडीकडच्या गावच्या. जन्म मिठागरात गेला, आता स्कूटरवरून मीठ विकतात. त्यांचं रिन्यूअल साधं होतं, पण पेणला गेल्यावर मशीन त्यांचा अंगठाच घेईना. मीठ ओढून ओढून रेषा गेलेल्या.

खिडकीतला पोरगा म्हणाला, "मावशी, पुसून लावा." पुसून लावला. "जरा दाबून." दाबला. "दुसरा अंगठा?" तोही नाही. मग एकेक बोट सुरू झालं. मागे रांग वाढत होती, लोक कुरकुरत होते. मावशींनी पदर खोचला, एक पाय चपलेतून काढला आणि खिडकीच्या कट्ट्याकडे बघत म्हणाल्या,

"हातांची संपली बाला. आता पायाची घेतो का?"

पोरगा दचकून उभा राहिला. शेवटी डाव्या करंगळीने लाज राखली. मावशी बाहेर आल्या त्या नानांना दम देतच. "मी करंगलीवर लायसन काढलं. तुला अख्खे हातपाय हायेत!"

*

आता नानांचा खरा घोटाळा सांगते. सरावाला त्यांना टेम्पोवर बसवलं, 'एल'ची पाटी लावली. हात इतका हलका की मी शेजारी बसून डुलकी काढली असती. सरावाच्या मैदानाचं वळण चुकलं आणि गाडी पुढे गेली.

"नाना, थोडं मागे घ्या," मी म्हटलं.

नाना पुढेच निघाले. "पुढं वलवतो."

पुढे वळायला जागा नव्हती असं नाही. पण प्रत्येक ठिकाणी जरासं मागे घ्यावं लागत होतं आणि नाना काही घेईनात. असं करत करत आम्ही कोलाडला पोचलो! तिथे हायवेला मोठा वळसा घेतला, टपरीवर चहा प्यायलो आणि परत आलो.

चहा पिताना कळलं. मूर्ती गाडीत असताना नाना रिव्हर्स घेत नाहीत. "बाप्पा घरला निघाला का पुढंच जातो. त्याला मागं नाय न्यायचं." कोणी सांगितलं असं विचारलं तर म्हणाले, "माझं मीच ठरवलं." पण हे सीझनपुरतं राहिलं नाही. हळूहळू गाडीत कांदे असोत की कोणाचं कपाट, नाना पुढेच. गाडी लावतानाच अशी लावायची की मागे घ्यायची वेळ येऊ नये.

"ताई, गाडी रिकामी असली तरी मागं कोन तरी बसलंय असं वाटतं मला."

आणि टेस्टमध्ये रोवलेल्या खांबांच्या मधून गाडी सरळ मागे घ्यायची असते! मी कपाळावर हात मारला. पण नानांनी त्या दिवसापासून रोज सराव धरला. रोज खांब पाडायचे, रोज उतरून स्वतः उभे करायचे, आणि पुन्हा गाडीत बसायचे. मला वाईट वाटायचं, त्यांना नाही.

*

टेस्ट घेणाऱ्या साहेबांबद्दल सांगायला हवं. अतिशय कमी बोलणारा माणूस. "चढा. पुढे. मागे. उतरा." आणि शेवटी, "पुढचा!" पास की नापास तेही शेजारी टॅब घेऊन उभ्या असलेल्या मदतनिसाकडून कळायचं. इतकी वर्षं जाते मी, साहेबांच्या तोंडून सहावा शब्द ऐकला नव्हता.

पहिल्या खेपेला नानांनी मागे घेताना तीन खांब पाडले.

"पुढचा!"

परतताना वडखळ मागे पडल्यावर नाना म्हणाले, "पुढची तारीख कधीची?"

ती तारीख मिळाली ती अगदी सीझनच्या तोंडावर. तेव्हा जमलं नसतं, तर यंदाचे गणपती दुसऱ्या गाडीतून येणार होते. मालकाने ती गाडी सांगूनही ठेवली होती.

त्या दिवशी टेम्पो मीच चालवत पेणला नेला. वाटेत कारखान्यात डोकावलो. मालक म्हणाले, "ताई, तुमच्या घरचा बाप्पा तयार आहे, जाताय तर घेऊन जा." मी हिशेब न करता हो म्हटलं. मूर्ती मागे ठेवली, तोंडावर रुमाल टाकला. नानांनी मूर्तीच्या कडेने गोणपाट खोचलं. काय घोळ झालाय याचा प्रकाश माझ्या डोक्यात पडला तो टेस्टची रांग लागल्यावर!

"चढा," साहेब म्हणाले आणि शेजारी बसले. "पुढे."

पुढे उत्तम झालं. तारामावशी खास बघायला आल्या होत्या, त्यांनी माझा हात गच्च धरला.

"मागे."

नानांनी इंजिन बंद केलं.

"मागे," साहेब पुन्हा म्हणाले.

"नाय साहेब. मागं बाप्पा हाय."

संपलं, असं मला वाटलं. नाना खाली उतरले. मागची फळी पाडली, मूर्ती अलगद उचलली. मी धावले, पण नाना माझ्याकडे आले नाहीत. ते दुसऱ्या बाजूला गेले, साहेब उतरेपर्यंत थांबले आणि त्यांच्यासमोर मूर्ती धरली.

"साहेब, जरा धरा."

साहेबांचे हात आपोआप पुढे आले. मूर्ती हातात आली, आणि मग त्यांनी एकेक करत पायातले बूट टाचेने काढले. त्या चिखलात, अनवाणी, माझा गणपती छातीशी धरून उभे राहिले.

नाना गाडीत चढले. मान वळवून रिकाम्या टेम्पोकडे एकदा नीट बघून घेतलं. मग रिव्हर्स टाकला. टेम्पो मागे आला, सरळ, सावकाश, दोन्ही बाजूंच्या खांबांच्या मधून शेवटपर्यंत. एकही खांब हलला नाही.

नाना उतरून साहेबांसमोर येऊन उभे राहिले. मदतनीस टॅबवर 'पास'वर बोट रोखून साहेबांच्या होकाराची वाट बघत होता. मी "पुढचा!" ऐकायची तयारी ठेवली होती.

तेवढ्यात तारामावशींना राहवलं नाही. माझा हात सोडून त्या मैदानभर ऐकू जाईल अशा ओरडल्या, "गणपती बाप्पाऽऽ!"

आणि साहेब म्हणाले,

"मोरया!"