ट्वीडचा नियम मी लिहिला

माझं लहानपण माथेरानला गेलं. वडील तिथल्या दवाखान्यात कंपाउंडर होते. गावात मोटार नव्हती, त्यामुळे घोडे हेच आमचं वाहन. शाळा सुटली की मी घोडेवाल्यांच्या मागे लागायची आणि परतीचे रिकामे घोडे स्टँडपर्यंत नेऊन द्यायची. पुढे फार्मसी शिकले, पुण्यात लग्न झालं आणि घोडा हा विषय आयुष्यातून गेला. तो परत आला थेट न्यूझीलंडमध्ये, नव्वदच्या दशकात, मी अडतीस वर्षांची असताना.

आम्ही ख्राइस्टचर्चला राहत होतो. नवरा डॉक्टर, पण इथली परीक्षा पास होईपर्यंत एका लॅबमध्ये नोकरी करत होता. मला शहराच्या टोकाला एका फार्मसीत काम मिळालं होतं. तिथून पुढे शेतं सुरू व्हायची. शुक्रवारी दुपारी जवळपासच्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना औषधं घरपोच द्यायचं काम माझ्याकडे होतं. त्यातच एक पंचाहत्तरीची बाई होती, एकटी राहणारी. तिच्या कुंपणापलीकडे एक काळी-पांढरी घोडी चरत असायची. आखूड पाय, रुंद छाती, पाठ पलंगासारखी, मान जाड, आणि गुडघ्याखाली खुरांपर्यंत लोंबणारे केस. अशा दणकट घोड्यांना इथे कॉब म्हणतात. म्हातारी इंग्लंडहून आलेली होती आणि तिच्या लेखी हा खरा, जुन्या वळणाचा कॉब होता. त्याची आयाळ आणि पायांचे केस कापायचे नाहीत, हे तिने मला पहिल्याच दिवशी दोनदा सांगितलं.

मी औषधांची पिशवी खाली ठेवून घोडीच्या मानेवरून हात फिरवत होते. म्हातारी दारातून म्हणाली, "तुला येतं वाटतं?"

"लहानपणी यायचं."

"मग बसून दाखव."

मी बसले. त्यानंतर कित्येक वर्षं माझा प्रत्येक रविवार तिथे गेला.

त्या घोडीवर आधी दुसरी एक बाई बसायची. शेजारच्याच शेतावरची, पन्नाशीची, आमच्या फार्मसीत रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला यायची. दोन हंगाम तिने ही घोडी शोमध्ये नेली होती. मग एकदा घोडी परत आली ती पोटावर काट्यांचे ओरखडे घेऊन. बाईने बुटाला टोकदार लोखंडी काटे लावले होते. म्हातारीने तिला परत कुंपणाच्या आत येऊ दिलं नाही. बाईने स्वतःचा एक करडा कॉब घेतला, पण डोळा या घोडीवरच होता. आता तिच्यावर मी बसते हे तिला कळलं, तेव्हा फार्मसीच्या काउंटरवर गोड हसून म्हणाली, "सो गुड. म्हातारीला कोणीतरी मिळालं."

वसंतात इथे गावोगावी शेतकी शो भरतात. त्या वर्षी आमच्याकडच्या शोमध्ये जुन्या वळणाच्या कॉबसाठी वेगळी स्पर्धा होती. म्हातारी म्हणाली, तू जायचंच. पण शोच्या तीन आठवडे आधी ती अंगणात पडली, कमरेचं हाड मोडलं आणि तिला हॉस्पिटलात ठेवलं. स्पर्धेत काय घालायचं, हे आमचं बोलणं राहून गेलं. मी भेटायला जायची तेव्हा ती औषधांच्या गुंगीत असायची. स्पर्धा भरवणाऱ्या घोडेस्वारांच्या क्लबकडे विचारावं तर पोशाखाच्या नियमांचा जुना कागद कोणाला सापडेना.

म्हणून मी त्या बाईला विचारलं. स्वतःहून, काउंटरवर, तिच्या गोळ्या देताना.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाली, "ट्रॅडिशनल कॉब आहे ना? म्हणजे स्वारानेही आपापल्या देशाचा ट्रॅडिशनल पोशाख घालायचा. कुणी स्कॉटलंडचा घालेल, कुणी आणखी कुठला. तुझ्याकडे तर हीप्स, ढीगभर असतील!"

मी विश्वास ठेवला. आज लिहितानाही माझे कान तापतात, पण ठेवला. स्पर्धेचं नाव ट्रॅडिशनल होतं आणि असा शो मी कधी पाहिला नव्हता, मला शंका यायचं कारण दिसलं नाही. शिवाय मनातून मला आनंद झाला, हेही कबूल करते. आईचं हिरवं इरकली नऊवारी माझ्याजवळ होतं. कासोटा घातला की नऊवारीत घोड्यावर छान बसता येतं. मी घरच्या घरी सराव केला. लेकीला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीत. ती म्हणाली, "मम, प्लीज डोन्ट." मी तिलाच चार गोष्टी सुनावल्या.

शोच्या दिवशी मी नऊवारी, नथ, अंबाडा आणि त्यावर प्लास्टिकचं हेल्मेट अशी रिंगणात शिरले. आत सात घोडे होते. सातही स्वारांच्या अंगावर कोट, गळ्याला टाय, हातात तपकिरी मोजे, पायात गुडघ्यापर्यंत बूट. त्यांत ती बाई होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तोंडावर हात धरला.

रिंगणाची व्यवस्था बघणारा स्टुअर्ड म्हणजे एक उंच, भला शेतकरी. तो माझ्या घोडीपाशी आला आणि हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, फॅन्सी ड्रेस तीन वाजता आहे. मुलांचा."

"ही कॉबची स्पर्धा ना?"

"हो. पण या कपड्यांत तुम्हाला आत ठेवता येणार नाही. सॉरी."

दोरीबाहेर बसलेले लोक हसत होते. दुष्टपणे नव्हे, मजा आली म्हणून. काही जणांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या, ते तर आणखी वाईट. मी घोडी वळवली. बाईच्या शेजारून जाताना ती म्हणाली, "अगं, मी गंमत केली! तुला कळलं असेल असं वाटलं मला."

पुढच्या आठवड्यात स्थानिक साप्ताहिकात माझा फोटो आला. फार्मसीतल्या मुलींनी तो कापून चहाच्या खोलीत लावला. त्यांना खरंच आवडला होता. नवराही म्हणाला, "फोटो चांगला आलाय की गं." मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. आईचं नऊवारी धुऊन, घडी करून बॅगेत ठेवलं, आणि ठेवताना ठरवलं की या बाईला मी याच रिंगणातून, याच लोकांसमोर, कपड्यांवरूनच बाहेर काढीन.

म्हातारी घरी आली तेव्हा सगळं सांगितलं. तिने माझी समजूत वगैरे काही काढली नाही. "कोण म्हणालं तुला?" एवढंच विचारलं. मी सांगितलं. तिने वॉकर पुढे ओढला आणि म्हणाली, "कागद-पेन घे."

त्या दुपारपासून कित्येक रविवार तिने मला कॉबच्या स्वाराचा पोशाख शिकवला. कॉब हा कष्टाचा, शेतावरचा घोडा, म्हणून स्वाराने झगमगायचं नाही. कोट ट्वीडचा, म्हणजे जाड लोकरी कापडाचा, तपकिरी किंवा शेवाळी. गडद निळा कोट नाजूक, उंच घोड्यांसाठी, इथे नाही. शर्ट साधा, टाय डोळ्यांत न भरणारा. ब्रीचेस, म्हणजे स्वाराची तंग विजार, फिकट पिवळसर. हेल्मेटवर काळं किंवा तपकिरी मखमल. केस जाळीत. हातात साधी चामड्याची छडी. आणि दागिना एकही नाही, कारण घोडा उधळला की कानातलं कानासकट जातं. हे सांगताना तिने स्वतःची कानाची पाळी ओढून दाखवली.

मी जुन्या कपड्यांच्या दुकानांतून एक पुरुषी ट्वीड कोट शोधला आणि उसवून माझ्या मापाचा शिवला. खोगिरांच्या दुकानात स्वारीची विजार, 'जोधपूर', मागायला गेले, तर तिथल्या मुलीने माझा उच्चार दुरुस्त करून दिला, 'जॉडपर'. जोधपूर आमचं आहे, असं सांगावंसं वाटलं, पण गप्प बसले. त्या वर्षी मी बऱ्याच ठिकाणी गप्प बसले.

खरं काम क्लबात होतं. मी सभासद झाले. शनिवारी दुपारी हॉलमध्ये बैठका व्हायच्या, चहा आणि स्कोन, म्हणजे छोटे गोडसर पाव, असायचे. पोशाखाचा जुना कागद एकदाचा सापडला, तो धड वाचता येत नव्हता आणि त्यात नुसतं 'योग्य रंगाचा कोट' असं लिहिलेलं होतं. "माझ्याकडे कॉम्प्युटर आहे," मी म्हणाले, "मी टाइप करून आणते." सगळ्यांना हायसं वाटलं.

मी टाइप करून आणला, पण म्हातारीने सांगितलेला. ट्वीडच. रंग हे आणि हेच. दागिना कोणताही नाही. यातलं काही नसेल तर स्वाराला रिंगणाबाहेर काढावं. बैठकीत तो वाचून दाखवला. सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण बहुतेक जण तसंच घालत होते. एकटी ती बाई जांभळा कोट, मोत्यांची कर्णफुलं आणि टायवर सोन्याची पिन घालायची. जुनी सभासद म्हणून तिला कोणी हटकत नसे. बैठकांना ती यायचीच नाही. नवा नियम मंजूर झाला आणि प्रत्येक सभासदाला मी स्वतः पाकीट पाठवलं. तिलाही. तिचा पत्ता तर मी सर्वांत सुवाच्य अक्षरात लिहिला.

ती ते उघडणार नाही हे मला माहीत होतं. तिनेच काउंटरवर मला एकदा हसत सांगितलं होतं, "क्लबची पत्रं मी सरळ टोपलीत टाकते. तीस वर्षं बसतेय घोड्यावर."

शोच्या दहा दिवस आधी ती गोळ्या न्यायला आली. खुशीत होती. नवा कोट शिवून आला होता, प्लम म्हणजे लालसर जांभळ्या रंगाचा, मखमली कॉलरचा. "या वर्षी पहिला नंबर माझाच," म्हणाली.

मी गोळ्या मोजल्या, डब्यावर तिचं नाव चिकटवलं, डोस पुन्हा तपासला. औषधाच्या बाबतीत मी तिच्याशी कधी तसूभरही वाकडी वागले नाही, आणि याचा मला अभिमान आहे. तेवढ्या वेळात एक वाक्य बोलता आलं असतं, की नियम बदललाय, पाकीट बघ. ते वाक्य जिभेवर आलंही.

"छान," मी म्हणाले, आणि डबा पुढे सरकवला.

शोच्या दिवशी गरम, कोरडा वारा सुटला होता. मी ट्वीडच्या कोटात घामाने भिजले होते. रिंगणात जाण्याआधी मंगळसूत्र काढून नवऱ्याच्या खिशात ठेवलं. तो म्हणाला, "हे काय? तुझाच नियम तुला?"

"मला आधी," मी म्हणाले.

ती आत आली ती राणीसारखी. कोट खरोखर सुंदर होता. स्टुअर्ड तोच होता, उंच आणि भला. त्याने खिशातून माझा कागद काढला, वाचला, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा वाचला. मग तिच्या करड्या घोड्यापाशी गेला. शब्द मला ऐकू आले नाहीत. तिचा आवाज मात्र सगळ्या रिंगणाला ऐकू आला.

"कोणी केला हा नियम?"

त्याने कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे माझं नाव होतं.

बाहेर जाताना ती माझ्याजवळ थांबली. चेहरा कोटाच्या रंगाचा झाला होता. "तुला माहीत होतं मी काय घालणार आहे. मीच सांगितलं तुला."

"पाकीट पाठवलं होतं," मी म्हणाले. "उघडलं नाहीस?"

ती दोरीबाहेर गेली. कोणी हसलं नाही, टाळ्याही वाजल्या नाहीत. लोक नुसते बघत राहिले आणि मला त्या शांततेचा प्रत्येक क्षण गोड लागला. खोटं कशाला सांगू? वर्षभर मी याचीच वाट पाहिली होती. तो आनंद इतका भरून आला की मी घोडीवर बसले आहे हेच विसरले. परीक्षकाने दुडक्या चालीवरून पुढची चाल घ्यायची खूण केली, ती मला दिसली नाही. माझं लक्ष दोरीबाहेर, ती घोडा ट्रेलरमध्ये कसा चढवतेय इकडे. घोडीने दोनदा कान मागे वळवून माझी वाट पाहिली. बाकीचे घोडे पुढे निघून गेले. आठांतून सात उरले होते, त्यांत आमचा पाचवा नंबर आला.

म्हातारीला सगळं हवं होतं. कोटाचा रंग, कर्णफुलं, बाईचा चेहरा. मी रंगवून सांगितलं, ती खुर्चीत हसून हसून खोकली. मग विचारलं, "आणि घोडी? घोडी कशी चालली?"

मी तिचा चहाचा कप उचलून बाजूला ठेवला.

"कितवी?"

"पाचवी."

तिचं हसू गेलं. "ती घोडी या तालुक्यात पाचवी येण्यासारखी नाही," ती म्हणाली. "तू कुठे बघत होतीस?"

मी सांगितलं.  ती म्हणाली, "तुझा हिशेब तू चुकता केलास, ठीक आहे. पण तिच्या पाठीवर बसून करायचा नव्हता." त्या दिवशी मला वाईट वाटलं. घोडीबद्दल वाटलं, म्हातारीबद्दल वाटलं. त्या बाईबद्दल वाटलं नाही, आणि वाटावं म्हणून मी प्रयत्नही केला नाही.

पुढच्या वर्षी मी रिंगणात फक्त घोडीच्या दोन कानांमधून समोर बघितलं आणि आम्ही दुसऱ्या आलो. तिसऱ्या वर्षी ती बाई परत आली, तपकिरी ट्वीडमध्ये. निकालाच्या रांगेत आमचे घोडे शेजारी उभे राहिले. आम्ही दोघी सरळ पुढे बघत होतो.

"म्हातारी कशी आहे?" तिने विचारलं.

"बरी आहे," मी म्हणाले.

त्यानंतर दरवर्षी ती तेवढंच विचारायची आणि मी तेवढंच सांगायची.