वानखेड्यांची रानफुलं

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. फायली रद्दीत जातात, हे मात्र डोक्यात साचत राहतात! लखनौच्या एका सरकारी वनस्पती-कार्यालयात मी टायपिस्ट होते, सत्तर-ऐंशीच्या दशकांत. माझ्याकडे साचलेल्यांपैकी निम्मे एकट्या वानखेड्यांचे.

वानखेडे अकोल्याचे. रानफुलांची चित्रं तांब्याच्या पत्र्यावर कोरायची, शाई भरायची आणि प्रेसमध्ये दाबून कागदावर छापायची, हे त्यांचं काम. ऑफिसात मराठी आम्ही दोघंच, म्हणून मी त्यांची 'ताई'.

* * *

छापताना सगळं उलटं उमटतं, म्हणून फुलांची नावं ते पत्र्यावर उलटी कोरायचे. आठवडाभर असं कोरून एकदा रजेचा अर्ज लिहिला, तोही उलटाच! हेडक्लार्क मिश्राजी तो घेऊन बाथरूममधल्या आरशासमोर गेले. परत येऊन म्हणाले, "छुट्टी मंज़ूर। लेकिन लौटिएगा सीधे!"

* * *

एक निळं फूल सकाळी उमलून दहाच्या आत मिटायचं. वानखेड्यांनी सहा वाजता ऑफिस उघडायची परवानगी मागितली. डायरेक्टर साहेब नियमाचे पक्के. "फूल सरकारी है न? तो दस से पाँच खुले!"

* * *

एकदा गोमतीकाठची जुडीभर रोपं ओल्या फडक्यात गुंडाळून घरी ठेवली. वहिनींनी ती भाजी समजून लसूण घालून परतली. पहिल्याच घासाला वानखेडे ओरडले, "अगं, ही दुर्मिळ होती!"

वहिनी म्हणाल्या, "तरीच एवढीशी झाली."

* * *

अमीनाबाद बाजारात चिकनचं भरतकाम करणाऱ्या एका कारागिराला त्यांचं एक चित्र फार आवडलं. म्हणाला, कुर्त्यावर हाच बूटा, म्हणजे नक्षी, काढतो. वानखेड्यांची अट एकच: पानाला किडीने पाडलेली भोकंसुद्धा जशीच्या तशी हवीत!

"जनाब, छेद वाले कुर्ते तो हमारे चूहे मुफ़्त में बना देते हैं!"

* * *

आणि तो दिवस! वानखेड्यांची एक ताजी प्रिंट साहेबांच्या टेबलावर गेली. साहेबांनी भिंग लावलं आणि उडालेच. पाकळीवर बारीक, केसाळ गाठ! आजवर कुणीच नोंदवली नव्हती. मला बोलावून दिल्लीला पत्र डिक्टेट केलं, 'नवीन प्रजातीची शक्यता'. सगळ्या स्टाफला लाडू आले.

वानखेड्यांच्या घशाखाली लाडू उतरेना. मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "ताई, पत्र्यावर गाठबीठ काही नाही. प्रेस फिरवताना डास चिरडला कागदावर!"

पत्र गेलं तर दिल्लीत ऑफिसचं हसं. खरं सांगावं, तर यांच्या प्रमोशनचा रिपोर्ट त्याच आठवड्यात साहेबांच्या हातात. तासभर ते व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते. शेवटी कॉलर सारखी करून आत शिरले. मागोमाग सहीचं पत्र घेऊन मी.

"सर, माफ़ कीजिए। वह गाँठ नहीं, मच्छर है। छापते वक़्त दब गया।"

साहेबांनी आमच्याकडे पाहिलं. पत्र बाजूला सारलं. पुन्हा भिंग उचललं आणि प्रिंटवर वाकले. पाच मिनिटं भिंग त्या गाठीवर इकडून तिकडे फिरत राहिलं.

मग मान वर न करता साहेबांनी विचारलं,

"नर या मादा?"