सरांनी पाच मागितले होते

सरांनी मला फसवलं आणि सुभेदारांनी त्यांना साथ दिली. हे मी सुभेदारांच्या तोंडावर बोललोय, आता लिहूनही ठेवतो.

सर म्हणजे लातूरच्या कॉलेजातून निवृत्त झालेले गणिताचे प्राध्यापक. सुभेदार फौजेतून परतलेले. निलंग्याच्या रस्त्याला लागून असलेल्या आपल्या मुरमाड माळावर त्यांनी नऊ खड्ड्यांचं गोल्फचं मैदान केलं. कुणीही यावं, दोन चहांच्या पैशात तिकीट घ्यावं, झिजलेल्या काठ्या मागून घ्याव्यात. गवत पावसाळ्यापुरतं. खड्ड्याभोवती वाळूत जळकं ऑइल कालवून सपाट गोल केलेला, चेंडू त्यावरून घरंगळतो. ते ऑइल माझ्याकडून जायचं. मी जुन्या ट्रॅक्टरांचा व्यापार करतो. सातवीत शाळा सुटली, पुढचं सगळं बोलण्यावर कमावलं.

एकदा ऑइलचं पिंप उतरवायला गेलो आणि सरांनी माझ्या हातात काठी दिली. मग सहा वर्षं दर रविवारी सकाळी आम्ही दोघं.

या खेळात कमी फटके मारील तो जिंकतो, आणि सूटही असते. पक्क्यानं कच्च्याला काही फटके सोडायचे, शेवटी ते त्याच्या बेरजेतून वजा करायचे. हे कळलं त्या दिवशी मला खेळ आवडला. चेंडूआधी आमची तोंडं चालायची.

"सर, आठ द्या."

"आठ? दरोडा घालताय का शेठ? तीन."

"तिनात तर भंगारवालाबी दारात येत न्हाई!"

पाचावर मिटायचं. वर्षं गेली तसे पाचाचे तीन झाले, मग बरोबरी.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सर म्हणाले, "आज उलटं करू. तुम्ही मला पाच द्या."

मी हसलो. "सर, वाळून निम्मे झालात. अंग हलकं झालंय, काठी लई झक्कास फिरंल. सूट कशाला?"

"म्हातारा झालो ना. चार द्या."

"एक."

सुभेदार शेजारीच उभे होते. "देऊन टाका की, शेठ."

माझं डोकं फिरलं. "तुम्ही मधी पडू नका. तुमच्या खिशातून चाललेत का?"

सर दोनावर आले. हसतच होते. मला वाटलं, मारली बाजी.

सहाव्या खड्ड्याजवळ ते बांधावर टेकले. बुटात खडा गेला म्हणाले. बूट काही काढला नाही. मी लांबून ओरडलो, "सर, टाइमपास करायलात का?" ते उठले आणि खेळले. शेवटी बेरीज त्यांनीच केली. मी दोन फटक्यांनी जिंकलो. पाच दिले असते, तर सर एकानं जिंकले असते.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. "मुलीकडं नांदेडला गेलेत," सुभेदार म्हणाले. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. तिसऱ्या आठवड्यात सुभेदारांचाच फोन आला. सर नांदेडच्या दवाखान्यात वारले.

मी सरांच्या घरी भेटायला गेलो तेव्हा वहिनींनी सांगितलं. दसऱ्यालाच दुखणं कळलं होतं, उपाय नव्हता. मैदानावर सगळ्यांना ठाऊक होतं. "तुम्हाला तेवढं सांगू नका म्हणाले. 'सगळे माझ्याशी हळू बोलायलेत, तो एकटा भांडतोय. त्याला कळलं तर तोही मागीन ते देईल,' म्हणाले."

हे ऐकून लोक डोळे पुसतात. मला संताप येतो. ट्रॅक्टर विकताना इंजिनाला गेलेला तडा मी आधी दाखवतो. मग गिऱ्हाइकानं भाव पाडावा नाहीतर निघून जावं. सरांनी तडा झाकून माझ्याशी सौदा केला. मरत्या माणसाला मी दोन फटके दिले, तेही उपकार केल्यासारखे. दहा दिले असते. देईन म्हणूनच सांगितलं नाही, हे मला कळतं. कळून रात्री झोप लागत नाही. रविवारी पाय माळाकडे वळत नाहीत.

सुभेदार म्हणतात, सरांनी शपथ घातली होती. घातली असेल. सरांना आता काही विचारता येत नाही. सुभेदार, तुम्हाला येतं. तुम्ही हाताच्या अंतरावर होता आणि मी तोंडाला येईल ते बोलत होतो. मला बाजूला घेऊन कानात एक शब्द टाकायला किती वेळ लागला असता? शपथेचं मला सांगू नका, सुभेदार. मला तसं बोलू का दिलंत, ते सांगा.