मशेरीचा तवा

तव्यावर भाजल्या जाणाऱ्या तंबाखूचा वास एकदा नाकात शिरला की तो जन्माचा सोयरा होतो. कडू, करपट, घशाला झोंबणारा! भाईंदर पूर्वेच्या आमच्या घरात आईचा मशेरीचा तवा वेगळाच असे. कडेला चिरलेला, काळाकुट्ट. तो गॅसवर चढला की शेजारच्या गुजराती भाभी खोकत ओरडायच्या, "क्या जला रही हो बहन, पूरी बिल्डिंग खाली करवाओगी?" आई हसायची आणि ती काळी पूड बोटावर घेऊन निवांत दातांवरून फिरवीत बसायची. रायगडातल्या माझ्या आईला, मावशीला ते व्यसन कधी वाटलेच नाही. तंबाखू मळून खातात ते पुरुष. बायका केवळ दात घासतात! केवढी निष्पाप, आणि केवढी घातक ही समजूत!

सुकटीच्या झणझणीत चटणीवर भाकरी संपवणाऱ्या आईने एके दिवशी ताट सरकवले. "तोंड जळतंय गं," म्हणाली. घराण्यातली पहिली पदवीधर मी. कॉलेजातल्या आरोग्य शिबिरात पाहिलेली चित्रे डोळ्यांपुढे उभी राहिली. मोबाइलचा टॉर्च लावून म्हटले, "आ कर."

"एवढी शिकलीस ती आईच्या तोंडात डोकवायला?" आई फणकारली, पण तोंड उघडले. गालाच्या आत, जिथे रोज मशेरी मुरायची नेमका तिथे, पांढरा चट्टा.

डॉक्टरांनी त्याचा तुकडा तपासायला पाठवला. कर्करोग निघाला नाही. पण तंबाखू, सुपारी सुटली नाही तर पुढे होऊ शकतो, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. सोडणे का सोपे असते? आईचे डोके ठणके, पोट साफ होईना, विनाकारण माझ्यावर डाफरे. पण मोडली नाही हो! लोक म्हणतात, पोरीच्या पदवीचा आईला केवढा अभिमान! त्या दिवसांतल्या आईचा मला केवढा आहे, ते कोणी विचारत नाही.

परवा मावशी आली. जेवणानंतर तिने सवयीने पिशवीतून डबी काढली, तशी आईने माझा मोबाइल मागून घेतला. "आधी आ कर."

"तू कधीपासनं डाक्टरीण झालीस गं?"

"माझी पोर शिकलेय न्हाय का? आता सगळ्यांनी आ करायचा!"

कुरकुरत का होईना, मावशीने तोंड उघडले. आईने त्या उजेडात तिचे दोन्ही गाल आतून न्याहाळले आणि स्वतःचा चट्टा तिला दाखवला. मग आई उठली आणि त्याच तव्यावर बडीशेप भाजू लागली. डबी ओट्यावर तशीच मिटून पडली होती. भिंतीपलीकडून भाभींचा आवाज आला, "बहन, थोडी इधर भी देना!"

चट्टा अजून पुरता गेलेला नाही. दाखवायला जातोय आम्ही. तव्याचा काळेपणा तरी कुठे गेलाय? पण घरभर दरवळतोय तो गोडसर वास, आणि मी तो छाती भरून घेतेय.