ओल्या पोत्यातले शंभर दाणे

मालकांनी माझं ओलं पोतं पायानं उलगडलं. आत त्यांच्याच घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे, दहा-दहाच्या ओळीत. चार दिवस मी ते सावलीत ठेवून शिंपत होते, किती उगवतात ते बघायला.

"पाणी कुठलं गं ह्याला?"

"आमच्या रांजणातलं."

त्यांनी गड्याला सांगितलं, "पोत्यासकट उकिरड्यावर टाक. आपल्या रानात जायचं न्हाय हे." मग माझ्याकडं न बघता विचारलं, "किती उगवले?"

"बासष्ट."

सत्तरच्या आत उगवण असली की बी वाढवून पेरावं लागतं. हे मीच त्यांना सांगितलेलं. त्यांनी वाढवून पेरलं, रान दाट उगवलं. आमचं पाणी बाटलेलं, आकडा मात्र चालला. मी तेव्हा गप्प बसले, त्याची मला आजही लाज वाटते.

शाश्वत शेतीच्या सल्लागाराच्या प्रमाणपत्राला बसलेली आमच्या वस्तीतली मी पहिलीच बाई. आजवर ह्याच रानात खुरपं घेऊन वाकले. प्रमाणपत्र मिळालं तर बांधावर उभी राहून, स्वतःच्या नावानं बोलणार होते. त्यासाठी दहा शेतकऱ्यांच्या सह्या लागत होत्या, की हिचा सल्ला आम्ही घेतला. नऊ झाल्या होत्या. दहावी मालकांची.

प्रमाणपत्राच्या तपासणीला साहेब आले त्या दिवशी मालकांच्या जिभेवर साखर. "या ताई, बसा खुर्चीवर." ज्या तोंडातून जन्मभर 'अगं ए' ऐकलं, त्यातून 'ताई' आलं आणि माझे कान टवकारले. सगळ्यांना कपबशी, मला कागदी पेला. मी चहाला हात लावला नाही. आधी सह्यांचा कागद वाचला.

सल्लागार म्हणून मालकांच्या पुतण्याचं नाव. तोही प्रमाणपत्राच्या आमच्याच वर्गाला होता, हजेरीपुरता. खाली माझं नाव, मदतनीस. मालकांची सही करून झालेली.

"तू बी कर सही. दोघांचंबी काम होतंय." 'ताई' एवढ्यात संपलं होतं.

मी पुतण्याला विचारलं, "दाण्याला पाणी कुठलं घातलंतं?" तो मोबाइलमध्ये बघत राहिला. मग मीच साहेबांना सांगितलं. रांजण, उकिरडा, बासष्ट. सगळं, मालकांच्या तोंडावर.

साहेब पेनाला टोपण लावत म्हणाले, "बाई, असलं इथं काढू नका. प्रमाणपत्र अडकेल."

"अडकू द्या. मदतनीस म्हणून सही म्या करणार न्हाय."

प्रमाणपत्र अजून आलेलं नाही. 'येईल की' म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. पण पेरणी जवळ आली की माणसं दारात येतात. यंदा मालकांचा गडीही आला, पिशवीत बी घेऊन. "मालक म्हणले, गुपचूप बघून दे."

पिशवी मी तशीच परत पाठवली. निरोप दिला, चाचणी तुमच्या अंगणात होईल. तुमच्या माठातलं पाणी, मी माझ्या हातानं घेईन. आणि आधी सही, मग आकडा.