उचलायला दोघी लागतात

बाना लोंबे म्हणजे लोंबेची आई. लोंबे जाऊन वीस वर्षं झाली, पण मुफुलिराच्या खाणवस्तीत बाईला पहिल्या लेकराच्या नावानेच हाक मारतात, आणि लेकरू गेलं म्हणून ती हाक कोणी बदलत नाही. लोंबे अंथरुणाला खिळली तेव्हा तिच्या आजाराच्या धास्तीने शेजारचं कुणी उंबरा ओलांडत नव्हतं. एक एस्नार्त तेवढी आली. दोघींनी मिळून पोरीला शेवटपर्यंत न्हाऊमाखू घातलं, आणि ती गेल्यावर दोघींनीच चर्चमध्ये ‘सोबत’ नावाचं मंडळ काढलं. काम एकच. जो अंथरुणावर आहे त्याच्या घरी मंगळवारी आणि शुक्रवारी जायचं, आंघोळ घालायची, कूस बदलायची, चादर धुऊन वाळत टाकायची. जायचं ते नेहमी जोडीने, कारण एक उचलते तेव्हा दुसरीला पुसता येतं.

मंडळाचं निळं चिटेंगे कमरेला गुंडाळायला मिळणं हा वस्तीत मोठा मान. पण नव्या बाईला ते लगेच मिळत नसे. वर्षभर साध्या कपड्यात बादली उचलायची, मग कापड. हा नियम बाना लोंबेचा. त्यावरून तिला खडूस म्हणणाऱ्या पुष्कळ होत्या, आणि खडूस ती होतीच.

एके काळी मंडळात बत्तीस बायका होत्या. काही देवाघरी गेल्या, काही त्या नव्या चर्चमध्ये गेल्या जिथे बादली न उचलताही पाद्री आजार पळवून लावतो म्हणे. तरण्या बायकांना बाजारातून उसंत नाही. होता होता चारच उरल्या, त्यांतल्या दोघी काठी टेकत चालणाऱ्या. मग वर्षअखेरीला एस्नार्तही गेली.

त्या वेळी मंडळ डोरिकाच्या घरी जात होतं. अर्धं अंग लुळं पडलेली, हाडापेराने दांडगी बाई. मुलगा काटोंगो खाणीत कामाला, त्याची बायको केव्हाच सोडून गेलेली, आणि आईच्या उघड्या अंगाला मुलाने हात लावायचा नसतो. बाना लोंबे एकटी जाऊ लागली. हातपाय धुवायची, तोंड पुसायची, भरवायची. पण कूस बदलणं एकटीच्या आवाक्यातलं नव्हतं. दोन आठवड्यांत डोरिकाच्या पाठीला जखम झाली. बाना लोंबेला ती जखम घरी भाजी चिरतानाही दिसायची.

अशात चर्चमधल्या न्सोफ्वा बाईंनी मंडळाची पुनर्रचना हाती घेतली. बाई शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. मनाने वाईट नव्हत्या, पण आयुष्यभर वेळापत्रकं आखलेली. रविवारी प्रार्थनेनंतर त्यांनी भिंतीवर भला मोठा तक्ता लावला. यापुढे तीन शाखा: भेटी, अंत्यविधी आणि उत्सव. जिला जी झेपेल ती तिने निवडावी. फोनवर एक गट काढायचा. आणि कापड पहिल्याच दिवशी द्यायचं, कारण हल्ली वर्षभर कोण थांबतं? सगळ्यांच्या माना बाना लोंबेकडे वळल्या.

"कापड आधी दिलं, तर बादली मागाहून उचलतील?" तिने विचारलं.

"उचलतील की," न्सोफ्वा बाई आईशी बोलावं तशा अदबीने म्हणाल्या. "आधी माणसं आत तर येऊ देत, मायो. आपणच दार लावून बसलो तर येणार कोण?"

बाना लोंबेला ढीगभर बायका नको होत्या. तिला एकच हवी होती, दुसऱ्या बाजूने हात लावणारी. त्या एकीसाठी तिने वीस वर्षं सांभाळलेला नियम सोडला आणि होकाराचा हात वर केला.

दोन महिन्यांत मंडळात खरोखर शेचाळीस बायका झाल्या. महिला दिनाच्या मिरवणुकीत निळीच निळी रांग. बिशपांच्या कचेरीतून कौतुकाचं पत्र आलं. अंत्यविधी शाखेत सव्वीस नावं, उत्सव शाखेत एकोणीस, आणि भेटींच्या शाखेत एक. ते नाव कोणाचं हे सांगायला नको.

ती न्सोफ्वा बाईंकडे गेली. बाईंनी चहा दिला आणि समजावलं की कुणावर जबरदस्ती करता येत नाही, रचनाच तशी आहे. तरी त्यांनी गटात निरोप टाकला. एकवीस जणींनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. म्वापे नावाची एक मात्र खरंच आली. तिने डोरिकाची पाठ पाहिली, बाहेर जाऊन ओकली, आणि परत काही आली नाही. बाना लोंबेला तिचा रागही धड येईना.

एका शुक्रवारी तिने डोरिकाच्या पाठीखालून चादर सरकवली आणि पीळ देऊन एकटीने ओढायला गेली. गुडघा दगा देऊन गेला. दोघी जमिनीवर आल्या, बादली उलटली. हाक मारून मारून बाना लोंबेचा घसा बसला. शेजारी सगळे बाजारात. डोरिका अर्ध्या तोंडाने हसली.

"आता आपल्या दोघींना उचलायला कोण गं?"

बाना लोंबेनेही हसून पाहिलं, पण रडूच आलं. काटोंगोची पाळी सुटेपर्यंत दोघी तशाच ओल्यात पडून होत्या. त्याने आईवर कापड टाकलं, नजर दुसरीकडे वळवली आणि तिला उचललं.

नवव्या दिवशी डोरिका इस्पितळात वारली. जखमेचं विष अंगात भिनलं होतं.

प्रेताला आंघोळ घालायची ती मंडळाच्या बायकांनी, हा मान पहिल्यापासूनचा. सकाळी शवागारासमोर ट्रक थांबला आणि त्यातून निळ्या कापडातल्या बायका गात गात उतरल्या. साबण आणला होता, पावडर आणली होती, गरम पाण्याच्या तीन बादल्या भरून आणल्या होत्या. आत जाण्यासाठी दाराशी ढकलाढकली झाली. अकरा जणी आत शिरल्या, त्यांत म्वापेही होती. बाना लोंबे बाह्या वर सारून लंगडत दाराशी आली, तेव्हा न्सोफ्वा बाईंनी तिचा दंड अगदी मायेने धरला.

"तुम्ही बसा आता, मायो. तुम्ही फार केलंत तिचं. उचलायला आम्ही आहोत."

या कापडांसाठी हात तिनेच वर केला होता. ती बाहेरच्या बाकावर बसली. आत गाणं चालू होतं, पाणी ओतल्याचा आवाज येत होता, आणि अकरा जणी मिळून डोरिकाची कूस बदलत होत्या.