ओल्या जमिनीतून उठलेलं औषध

माझ्या दादाला सगळे वारामास्तर म्हणायचे. तणनाशक फवारायचं त्याचं काम. खोड अशी की पंप पाठीला लावण्याआधी चिमूटभर धूळ हवेत सोडून बघणार. धूळ सरळ पायाशी पडली तरच नळी हातात. मालक ताटकळो, चिडो, हा ढिम्म. तीस वर्षांत शेजारच्या पिकाचं एक पानही त्याने वाया घालवलं नव्हतं. कौतुक करतेय खरी, पण माझा राग गेलेला नाही, हे आधीच सांगते.

तो फवारायचा त्यातल्या एका शेताला लागूनच माझी रोपवाटिका. नवरा गेल्यावर दादानेच उभी करून दिली, त्यावरच माझं घर चालायचं. त्या दिवशी पाऊस नुकताच उघडला होता. वारा नव्हता, म्हणून दादाने त्या शेतात सकाळीच फवारलं. ते औषध लगेच कुळव फिरवून मातीत मिसळायचं असतं. पण चिखलात कुळव कुठला चालणार?

"उद्या जमीन सुकली की फिरवू," तो म्हणाला.

"रोपांवर पडदे सोडू का रे?"

"कशाला गुदमरवतेस त्यांना? पान हलत नाहीये."

कोरडी माती औषध धरून ठेवते आणि ओली सोडून देते, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. दुपारी ऊन तापलं, जमीन वाफाळली आणि वारं सुटलं ते माझ्याच बाजूला.

चार दिवसांनी मिरचीच्या रोपांची कोवळी पानं पांढरी पडायला लागली, अगदी कागदासारखी. मला वाटलं, बियाणंच रोगट. बियाण्याच्या दुकानात जाऊन कडाकडा भांडले, बुरशीचं औषध आणलं, आठवडाभर राबले. दादा मुकाट्याने पाण्याच्या बादल्या भरून देत होता.

मग कृषी अधिकारी आल्या. पानं उलटीसुलटी करून त्यांनी विचारलं, "शेजारी ओल्यात तणनाशक मारलंय का?"

मी दादाकडे पाहिलं. तो खालीच बघत म्हणाला, "मला पहिलं पान दिसलं तेव्हाच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"वाटलं, वाचतील एखाद वेळेस."

सगळी रोपं उपटून टाकली. दादाचं चुकलं, ते मी केव्हाच गिळलं. पण मी त्या म्हाताऱ्या बियाणेवाल्याला चारचौघांत चोर म्हटलं, तेव्हा हा माझ्या मागेच उभा होता. माफी मागायला मात्र मी एकटीच गेले.